तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय?

हातात मावणारा रेडिओ स्कॅनर घ्यायला निघालेल्या माणसाला जाणकार पहिला प्रश्न एकच विचारतात: तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय? प्रश्न रास्त आहे. विमानं ऐकायची असतील तर एक यंत्र लागतं, आगीचे बंब ऐकायचे असतील तर दुसरं, आणि बंदरातली जहाजं ऐकायची असतील तर आधी बंदर लागतं. तरीही या प्रश्नाला भलेभले चाचरतात. कारण खरं उत्तर ‘दुसऱ्यांचं’ असं आहे आणि ते चारचौघांत देता येत नाही. मग माणूस घसा खाकरून म्हणतो, “तसं विशेष काही नाही. आपलं अडीअडचणीला घरात असावं.”

आमचे काकाही हेच म्हणाले. काका ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसातून निवृत्त झालेले. सारी हयात दुसऱ्यांनी केलेल्या खर्चात चुका काढण्यात गेली; निवृत्तीनंतर दुसऱ्यांचा खर्च समोर येईनासा झाला, तेव्हापासून ते बेचैन असत. त्यात त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा न्यू जर्सीचा दादा, फोनवर सहज बोलून गेला की त्याच्या शेजारच्या आजोबांकडे एक स्कॅनर आहे आणि गल्लीत बंब शिरण्याआधी कोणाच्या स्वयंपाकघरात काय करपलं ते आजोबांना ठाऊक असतं. काकांनी फोन ठेवला आणि जाहीर केलं, “आपल्याकडे एक पाहिजे.” काकू आतून म्हणाल्या, “आपल्याकडे करपलेलं वासावरून कळतं.”

स्कॅनर म्हणजे मुळात रेडिओच. फक्त एका जागी न बसणारा. साध्या रेडिओला तुम्ही ग्वाल्हेर केंद्रावर, १३८६ किलोहर्ट्झवर लावलंत की तो तिथेच राहतो. स्कॅनर आपल्याला नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवरून सेकंदाला पन्नास ते शंभर या गतीने धावत सुटतो. कुठे कोणी बोललं की थबकतो, ऐकवतो, बोलणं संपलं की दोन सेकंद आणखी रेंगाळतो, कोणी उत्तर देतंय का बघतो आणि पुढे निघतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या यंत्रांत एकेका फ्रिक्वेन्सीसाठी वेगळा स्फटिक विकत घेऊन बसवावा लागे. म्हणजे दहा ठिकाणी कान द्यायचा तर दहा स्फटिकांचे पैसे. पुढे ते काम इलेक्ट्रॉनिक मंडलांनी घेतलं आणि चोंबडेपणा स्वस्त झाला.

काकांनी फुलस्केप कागद जोडून तुलनात्मक तक्ता आखला. डावीकडे यंत्रं, वर गुणधर्म, आणि शेवटी ‘शेरा’ हा रुंद रकाना. पहिल्या ओळीत युनिडेनचा बीसी१२५एटी बसला. हा शंभर-सव्वाशे डॉलरचा, नवख्यांना सगळे हाच सुचवतात. पाचशे जागांची स्मृती, दहा कप्प्यांत विभागलेली. मुलकी विमानं ऐकतो, लष्करी विमानांचा पट्टाही ऐकतो. मात्र डिजिटल बोलणं त्याला कळत नाही. तिथे तो नुसता खरखरतो. दुसऱ्या ओळीत त्याच कंपनीचा एसडीएस१००. तो २०१८मध्ये आला, सहा-सातशे डॉलरचा. डिजिटल कळतं, आणि ‘ट्रंकिंग’ही कळतं. ट्रंकिंगमध्ये एकाच खात्याची माणसं ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतच नाहीत. संगणक दर वाक्याला रिकामी असेल ती फ्रिक्वेन्सी देतो. पहिलं वाक्य इथे, उत्तर तिथे, ‘ठीक है’ तिसरीकडेच. अशा बोलण्याचा माग काढत राहणारं यंत्र महाग असणारच. शेरा: ‘संभाषणाच्या मूल्याच्या मानाने खर्च समर्थनीय वाटत नाही.’

तिसऱ्या ओळीत चिनी वॉकी-टॉकी होती, बाओफेंगची यूव्ही-५आर. स्वस्त, आणि दिसायला थेट स्कॅनर. पण तिला विमानं ऐकू येत नाहीत, कारण विमानं आणि टॉवर एएम पद्धतीने बोलतात आणि तिला कळते फक्त एफएम. विमानवाल्यांनी जुनी एएम सोडली नाही यामागे चांगलं कारण आहे. एफएमवर दोघं एकदम बोलले तर बलवान आवाज दुबळ्याला पार गिळतो. दुसरा कोणी बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. एएमवर दोघं एकदम बोलले तर कर्कश शिट्टी वाजते, आणि निदान एवढं कळतं की दोन जण बोलतायत. काकूंनी तक्त्यावरून ओझरती नजर टाकली आणि आपल्या घरात लग्नापासून एफएम आहे असं मत दिलं. काकांनी ते शेऱ्यात घेतलं नाही.

चौथी ओळ सगळ्यांत मजेची. संगणकाला टीव्ही दाखवण्यासाठी बोटाएवढी एक कांडी मिळते. २०१२च्या सुमारास काही उचापती मंडळींच्या लक्षात आलं की तिच्यातली चिप टीव्हीपुरती थांबत नाही. साधारण २४पासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत जे काही हवेत असेल ते ती उचलून संगणकाच्या पडद्यावर मांडू शकते. हजारोंचं यंत्र करतं त्यातलं बरंच काही ही कांडी करते. फक्त तिच्यासोबत लॅपटॉप, वायर, अँटेना आणि संगणक चालवणारा नातू लागतो. शेरा: ‘नातू न्यू जर्सीत.’

तक्ता पुरा झाला, आता वस्तू बघायची. महाराज बाड्याच्या आसपास एका दुकानात काकांनी विचारलं, “भैया, ऐसा रेडिओ है क्या जिसमें हवाई जहाज सुनाई दे?” दुकानदाराने आधी काकांकडे आणि मग वर आभाळाकडे पाहिलं. “बाबूजी, ग्वालियर में हवाई जहाज सुनने के लिए रेडिओ चाहिए?” त्याचं खरं होतं. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर १९८५पासून मिराज २००० आहेत. ती उडायला लागली की लष्कर, मुरार आणि हजिरा या तिन्ही भागांतल्या खिडक्यांची तावदानं एकदम बोलू लागतात. अँटेना लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि आवाज कमी करायचं बटण फ्रेंचांनी दिलेलं नाही. २६ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे बालाकोटवर गेलेली मिराज इथूनच उडाली, हे बातम्यांतून कळल्यावर ‘मी त्या रात्री जागाच होतो’ असं सांगणारी माणसं चौराह्याचौराह्यावर निघाली. ऐकण्याचा खरा आनंद सांगण्यात आहे, याचा तो पहिला पुरावा. पुढे आणखी मिळाले.

यानंतर प्रकरण मामांकडे गेलं. मामा काकूंचे धाकटे भाऊ, हायकोर्टाच्या ग्वाल्हेर खंडपीठात वकिली करतात. त्यांनी तक्ता शेवटपर्यंत वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, “भावोजी, यात एक रकाना राहिला. परवाना.”

मग मामांनी कायदा उलगडला. १९३३च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टप्रमाणे बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं बाळगणं हाच गुन्हा. वापरणं पुढची गोष्ट. म्हणून तर आपल्या आजोबांच्या काळी गाणी ऐकायच्या रेडिओलाही टपाल कचेरीत दरसाल पैसे भरून पुस्तक करावं लागे. ती भानगड ऐंशीच्या दशकात मिटली, पण फक्त गाणी-बातम्यांच्या रेडिओपुरती. पोलिस, रेल्वे, हवाई दल यांची बोलणी पकडणारं यंत्र त्या सवलतीत येत नाही. १९३३मध्ये पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत दंड होता. काकांचे डोळे लकाकले. शंभर रुपये म्हणजे किरकोळ खर्चात बसतात. “थांबा,” मामा म्हणाले. “२०२३च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये दुसऱ्यांचा संदेश बेकायदा मधल्यामध्ये ऐकला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.” काकांनी वहीच्या कोपऱ्यात शंभर आणि दोन कोटी एकाखाली एक लिहिले आणि नव्वद वर्षांतली दरवाढ काढू लागले. दरवाढीतही काहीतरी चुकलंय असा त्यांना संशय होता.

“आणि गाव कोणतं निवडलंत?” मामांना आता रंग चढला होता. “इकडे हवाई तळ, मुरारला छावणी, झाशी रोडला संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा, टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी. देशात इतकी गावं पडलीत, आणि तुम्ही इथे गच्चीवर अँटेना लावून बसणार!” हे बोलणं झालं तेव्हा मे २०२५मधल्या पाकिस्तानशी झालेल्या संघर्षाच्या आठवणी ताज्या होत्या. सात मेच्या नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमीत मध्य प्रदेशातल्या ज्या मोजक्या शहरांची नावं होती त्यांत ग्वाल्हेर होतं. त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता वॉकी-टॉक्या विकणाऱ्या १३ ऑनलाइन बाजारांना नोटिसा धाडल्या होत्या. काकूंनी विषय मिटवला. “अहो, आपल्या गच्चीवर मी पापड वाळत घातले तरी समोरचे ठाकूरसाहेब दोनदा येऊन बघून जातात. तुम्ही काठी आणि तार घेऊन उभे राहिलात तर ते कोणाला फोन करतील?”

तसं पाहिलं तर ग्वाल्हेरात स्कॅनरची उणीव भासावी असं काही नाही. फूलबागेच्या चौराह्यावर हवालदाराच्या खांद्यावरचा वायरलेस एवढा मोठ्याने बोलतो की सिग्नलला थांबलेला अख्खा टेम्पो ऐकतो. साहेब कुठवर आले, जाम कुठे लागलाय, जेवणाचा डबा कोणत्या नाक्यावर पोचायचाय. स्टेशनात गाडी सुटण्याआधी शेवटच्या डब्यापाशी उभे राहा. गार्ड (२०२२पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं) इंजिनातल्या लोको पायलटशी बोलतात ते फलाटावरच्या हमालांनाही पाठ आहे. आणि १९०५मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला मेळा भरला की ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या मुलांची नावं, बापांची नावं, स्वेटरचे रंग, सारी खासगी माहिती अर्ध्या शहराला कळते. हे सगळं कायदेशीर, फुकट, आणि डिजिटल समजणारं महाग यंत्रही नको. काकांना हे पटलं नाही. उघड बोललेलं ऐकण्यात त्यांना गोडी वाटेना.

गोडी कशात असते ते मामांनीच दाखवून दिलं. इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमधले एक निवृत्त बँक मॅनेजर फावल्या वेळात स्कॅनर लावून बसत. १९९०च्या जानेवारीत त्यांनी एक खासगी टेलिफोन संभाषण टेप केलं. त्यातला एक आवाज युवराज्ञी डायनाचा होता. टेप त्यांच्याकडून वर्तमानपत्राकडे गेली आणि १९९२च्या ऑगस्टमध्ये साऱ्या जगाने ती वाचली. ‘निवृत्त बँक मॅनेजर’ हे शब्द ऐकून काका ताठ बसले. एजी ऑफिसवाल्याला बँकवाला पुढे गेलेला बघवत नाही. दुसरा किस्सा अमेरिकेचा. डिसेंबर १९९६. फ्लोरिडातलं एक जोडपं नाताळच्या खरेदीला निघालेलं, गाडीत स्कॅनर चालू. त्यावर संसदेचे सभापती न्यूट गिंग्रिच आणि त्यांच्या पक्षाचे पुढारी यांची मोबाइलवरची खलबतं सापडली. जोडप्याने टेप केली आणि नेऊन एका खासदाराला दिली, खासदाराने वर्तमानपत्रांना. जोडप्याला माणशी ५०० डॉलर दंड झाला. खासदार जिम मॅकडर्मट यांचा खटला मात्र दहा वर्षांहून जास्त चालला आणि भरपाई व समोरच्याचा वकिली खर्च मिळून दहा लाख डॉलरच्या वर गेला. “लक्षात घ्या, भावोजी,” मामा म्हणाले, “ऐकलं त्यांना पाचशे. सांगितलं त्यांना दहा लाख.” या हिशेबात मात्र काकांना चूक सापडली नाही.

असल्या प्रकारांच्या धास्तीने अमेरिकेने १९९४पासून विकायच्या स्कॅनरमधून मोबाइलच्या फ्रिक्वेन्सी काढूनच टाकायला लावल्या होत्या. जुनी यंत्रं मात्र लोकांच्या घरांत तशीच राहिली. पोलिसही आता शहाणे झालेत. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३पासून आपलं बोलणं कुलूपबंद करायला सुरुवात केली. तिथे सातशे डॉलरचा स्कॅनरही नुसता घुरघुरतो. देशोदेशीचे कायदे शेजारी शेजारी मांडले तर एक सुंदर उतरंड दिसते. अमेरिकेच्या १९३४च्या दळणवळण कायद्यातलं जुनं कलम सांगतं: दुसऱ्याचं कानावर पडलं तर पडलं, पुढे सांगू नका. ब्रिटनचा २००६चा कायदा सांगतो: यंत्र खुशाल विकत घ्या, पण तुमच्यासाठी नसलेलं ऐकू नका आणि सांगूही नका. आपला सांगतो: यंत्रच घेऊ नका. तिन्हींत भारतीय कायदाच माणसाला ओळखून आहे.

पुढच्या हिवाळ्यात काका-काकू नातवाकडे न्यू जर्सीला गेले. दादाने बापाची हौस म्हणून बीसी१२५एटी आणून ठेवला होता. तिथे घरात बसून ऐकायला मुभा. काकांनी सहा पाउंडांच्या जाकिटासह खिडकीपाशी ठाण मांडलं. पहिल्यांदा झुंज झाली ती स्क्वेल्चच्या बटणाशी. कोणी बोलत नसतं तेव्हा एफएमचा रेडिओ सतत फुसफुसतो. ती फुसफुस गिळून टाकायचं काम स्क्वेल्चचं. बटण कमी पिळलं तर दिवसभर फुसफुस आणि यंत्र प्रत्येक चॅनेलवर उगीच थांबतं. जास्त पिळलं तर लांबचे क्षीण आवाजही फुसफुशीबरोबर गाडले जातात. आमच्या कैलासवासी आजीच्या कानाला हे बटण जन्मजात होतं. ‘आजी, औषध घे’ हे हाताच्या अंतरावरून ऐकू येत नसे, आणि तिसऱ्या खोलीत कोणी सुनेच्या माहेराबद्दल कुजबुजलं की तिथून उत्तर येई. एवढं अचूक पिळणं कोणत्याच कंपनीला साधलेलं नाही.

मग यंत्र एके ठिकाणी पुनःपुन्हा थांबू लागलं. कोणी बोलत नाही, फुसफुस नाही, तरी थांबतंय. जाणकार याला ‘बर्डी’ म्हणतात: यंत्राच्या पोटातलीच मंडलं बारीक लहरी सोडतात आणि यंत्र स्वतःचंच ऐकून ‘कोणीतरी बोलतंय’ असं समजतं. असली चॅनेलं ‘लॉकआउट’ करायची, म्हणजे यंत्र ती टाळून पुढे जातं. काकांनी लॉकआउटला एवढा हात सैल सोडला की दोन दिवसांनी यंत्राला थांबण्यासारखं काही उरलंच नाही.

पहिली जमेची बाजू विमानांची. नेवार्कला उतरणारी विमानं स्वच्छ ऐकू येत. एक गोष्ट काकांच्या हिशेबी डोक्याला खटकली: ढगांच्या वरून जाणारं, कुठल्या कुठे असलेलं विमान खणखणीत ऐकू येतं, आणि तेच विमान ज्या लांबच्या जमिनीवरच्या केंद्राशी बोलतंय त्या केंद्राचा एक शब्द नाही. त्यांना फक्त उत्तरं ऐकू येत, प्रश्न नाही. ऑडिटवाल्याला याहून मोठा छळ नाही. कारण सोपं आहे. या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी मध्येच वळते. उंचीच्या मीटरांचं वर्गमूळ काढून त्याला ४.१ने गुणलं की लहर पोचण्याचे किलोमीटर साधारण मिळतात. दहा हजार मीटर उंचीचं विमान: वर्गमूळ १००, म्हणजे ४१० किलोमीटर. ग्वाल्हेरचा किल्ला पायथ्यापासून शंभरेक मीटर: ४१. आमची गच्ची नऊ मीटर: १२. हा हिशेब काकांनी ग्वाल्हेरला फोन करून मला उतरवून घ्यायला लावला. म्हणजे दिल्लीवरून, तीनशे किलोमीटरवरून जाणारं विमान आमच्या गच्चीला कागदोपत्री ऐकू येऊ शकतं, दिल्लीचा टॉवर कधीच नाही. आणि बारा किलोमीटरच्या टप्प्यात गच्चीला काय सापडतं? तर नेमका महाराजपुरा. भूमितीही मामांच्याच बाजूची निघाली.

उरलेलं ऐकणं म्हणजे बंबवाले आणि नगरपालिका. यात जी निराशा असते तिची कल्पना कोणत्याही जाहिरातीत देत नाहीत. एखाद्या शहराचं गुप्त बोलणं पकडलं की त्यात कट, पाठलाग, दरोडे सापडतील अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात सापडतं ते असं: अमुक रस्त्यावर बर्फ हटवणारी गाडी पोचली. तमुक घरात धुराचा अलार्म वाजला, टोस्ट होता, परत निघालोय. कॉफी कोणाला हवी? शहर चालतं ते या असल्या बोलण्यावर. दरोडे अधूनमधून पडतात. टोस्ट रोज करपतो.

काकांना मात्र यातला टोस्टसुद्धा पोटात ठेववेना. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. साडेचारला माझा फोन वाजे. “अरे, झोपलायस का? ऐक. इथे कोपऱ्यावरच्या तिसऱ्या घरात अलार्म झालाय. दोन बंब निघाले.” मी विचारायचो, “काका, कोणाचं घर?” “ते आपल्याला काय करायचंय! पण निघाले.” दादाला सांगून उपयोग नव्हता, तो कामात. काकूंना सांगून उपयोग नव्हता, त्यांनी स्क्वेल्च पिळलेला. बारा हजार किलोमीटरवरचा पुतण्या तेवढा अंथरुणात निःशस्त्र पडलेला. मामांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते गंभीर झाले. १९३४च्या कलमाचा कठोर अर्थ लावला तर ऐकणं माफ होतं. गुन्हा घडला तो ग्वाल्हेरच्या जनकगंजात, माझ्या फोनवर.

परत येताना स्कॅनर तिथेच राहिला. कस्टम्सला काय सांगायचं हा प्रश्नच नको. पण ग्वाल्हेरला उतरलेले काका पूर्वीचे राहिले नव्हते. हवेत सगळीकडे बोलणी चालू आहेत हे त्यांना आता प्रत्यक्ष माहीत होतं. त्यांना काहीतरी कायदेशीर हवं होतं. तसं म्हटलं तर आपल्या घराण्यात ही विद्या जुनीच. मध्यम लहरी दिवसा लांब जात नाहीत. सूर्य मावळला की वातावरणातला एक थर विरतो आणि या लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर पोचतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत लष्कर भागातली मराठी घरं रात्री रेडिओचा काटा केसाकेसाने सरकवून नागपूर लावत. मध्येच इंदूर चढे, कुठलं तरी परकं स्टेशन कुरघोडी करे, आणि त्या गदारोळातून मराठीतलं एखादं वाक्य धड येऊन पोचे. ते वाक्य पिकांवरच्या किडीबद्दल असलं तरी सगळे कान टवकारून ऐकत. आमच्या घरात कोणाचंही शेत नव्हतं.

शेवटी तोड मामांनीच काढली: हॅम रेडिओ. हौशी बिनतारीवाल्यांना सरकार रीतसर परवाना देतं. परीक्षा द्यायची, बारा वर्षं पुरी असली की बसता येतं, वरची वयोमर्यादा नाही. पास झालं की व्हीयू२ नाही तर व्हीयू३ने सुरू होणारं स्वतःचं संबोधन मिळतं. वरच्या दर्जासाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्सही यावं लागतं. मग नेमून दिलेल्या पट्ट्यांत जगाशी बोला आणि जग बोलेल ते ऐका. जुलै २०२५मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले ते हॅम रेडिओवरूनच. स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा फार तर दहा मिनिटं मिळतात, आणि तेवढ्या वेळात त्याचा आवाज साध्या हातातल्या सेटवरही येऊ शकतो. काकांना हे एकदम पसंत पडलं. सरळ वरून येणारा आवाज. वळणारी पृथ्वी नको, महाराजपुरा नको, ठाकूरसाहेब नकोत.

काकांनी अभ्यासाला सुरुवात केली. ओहमचा नियम त्यांनी एका दुपारी आटोपला. आकडे एका बाजूला आले की दुसरी बाजू जुळलीच पाहिजे, यात त्यांना नवीन काही वाटलं नाही. मोर्सचा कट्-कडकट् सराव ते जेवणाच्या ताटावर चमच्याने करतात आणि काकू त्याचं उत्तर पोळपाटावर लाटण्याने देतात. गाडी अडली ती नियमांच्या प्रकरणावर. तिथे गुप्ततेची अट आहे: परवानाधारकाच्या कानावर त्याच्यासाठी नसलेला एखादा संदेश पडला तर त्याने त्यातला मजकूर कोणाला सांगू नये, तो कोठून आला, कोणासाठी होता हे सांगू नये, आणि असा संदेश होता हेसुद्धा सांगू नये. मी सरावासाठी प्रश्न विचारला, “असा संदेश ऐकू आला तर आपण काय कराल?” चार पर्याय दिले. काकांनी चारही वाचले आणि पाचवा सुचवला.

सध्या अभ्यास थांबलाय. काका संबंधित खात्याला पाठवायचं एक टिपण तयार करतायत. त्याची तिसरी कच्ची प्रत काल मला दाखवली. वरच्या डाव्या कोपऱ्यात विषय, मध्ये नियमाचा क्रमांक, खाली आपल्या प्रदीर्घ सेवेचा उल्लेख. आणि शेवटचा परिच्छेद, खास एजी ऑफिसच्या भाषेत: ‘सदर अट मान्य केल्यास परवानाधारकाचा ऐकण्यामागील मूळ हेतूच विफल होत असून, त्यावरील सर्व खर्च निष्फळ ठरतो. सबब अटीचा फेरविचार व्हावा. किमान धर्मपत्नी व एक पुतण्या यांना तीतून वगळावे.’